पॉलिप काढा, पिशवी कशाला?

आमच्या ओपीडीत सोनोग्राफीचा कागद घट्ट धरून आलेली एखादी तरी बाई दर आठवड्याला भेटते. कागदावर 'एंडोमेट्रियल पॉलिप' असे लिहिलेले असते. 'पिशवीत गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवीच काढून टाका,' असे तिला कोणीतरी सांगितलेले असते. काहींची तर शस्त्रक्रियेची तारीखही ठरलेली असते. तपासणीअंती त्यांतल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो आणि पिशवी काढण्याची गरजही नसते.

पॉलिप म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून उगवलेला मऊ मांसल कोंब. तो काही मिलिमीटरचा असतो, कधी काही सेंटिमीटरचा. फायब्रॉइड वेगळा, ती गर्भाशयाच्या स्नायूतली गाठ असते. अस्तर इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली वाढते, म्हणून चाळिशी-पन्नाशीत पॉलिप अधिक आढळतात. लठ्ठपणा असेल किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू असतील, तर शक्यता वाढते.

अनेकींना काहीच त्रास नसतो, दुसऱ्या कारणाने केलेल्या सोनोग्राफीत पॉलिप दिसतो. इतरांना दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडतात, पाळीत जास्त जाते, काहींना दिवस राहण्यात अडचण येते. बायका हे अंगावर काढतात. हिमोग्लोबिन सात-आठवर आले आणि जिना चढताना धाप लागू लागली, की मग दवाखान्याची वाट धरतात.

निदानासाठी योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी लागते, आणि ती पाळी संपल्यावर लगेच केलेली बरी. पाळीच्या आधी अस्तर जाड असते, तेव्हा पॉलिप त्यात लपतो किंवा नसलेला पॉलिप भासतो. शंका राहिली तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडातून बारीक दुर्बीण आत घालून प्रत्यक्ष पाहणे. दुर्बिणीतून पॉलिप दिसतो आणि त्याच बैठकीत मुळापासून काढताही येतो. पोटावर छेद नाही, टाके नाहीत, बहुतेक बायका त्याच दिवशी घरी जातात. गर्भाशय जागेवर राहते. न बघता केलेल्या क्युरेटिंगमध्ये मात्र पॉलिप निसटून मागे राहू शकतो. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवलाच पाहिजे. पॉलिप पुन्हा होऊ शकतो, हेही रुग्णाला आधीच सांगावे.

प्रत्येक पॉलिप काढावा लागतो असेही नाही. पाळी चालू असलेल्या बाईत एक सेंटिमीटरहून लहान, त्रास न देणारा पॉलिप काही वेळा आपोआप नाहीसा होतो. अशा वेळी काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी पुरते. सगळे पॉलिप मिळून शंभरातल्या तीन-चारांत कॅन्सरच्या किंवा कॅन्सरपूर्व पेशी सापडतात. पाळी गेलेल्या बायकांत हे प्रमाण त्याहून अधिक असते.

म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदाही लाल गेले, एखादा डाग जरी पडला, तरी 'उष्णतेने झाले असेल' म्हणून सोडून देऊ नका. अशा साधारण दहा बायकांमागे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. वेळीच सापडला तर तो बहुधा बरा होतो. तिथे पिशवी काढणे हाच योग्य उपचार असतो. पण तो निर्णय पॅथॉलॉजीच्या अहवालावर व्हावा, भीतीवर नाही.

भीतीवर झालेल्या निर्णयांची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर 2019 मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांच्या दुखण्यामागची कारणे वेगवेगळी होती, पण 'पिशवी ठेवली तर कॅन्सर' हे वाक्य अनेकींनी ऐकले होते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते. हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बजावले. सूचना चांगल्या आहेत, पण केवळ देखरेखीने भागणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी पिशवी काढून मिळते आणि साध्या हिस्टेरोस्कोपीसाठी मात्र मोठे शहर गाठावे लागते, अशी स्थिती असेल तर गरीब बाई काय निवडणार? एक दिवसाचा रोज बुडवणेही तिला परवडत नाही. उपजिल्हा रुग्णालयापर्यंत दुर्बीण, ती वापरणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि पॅथॉलॉजीची सोय पोहोचवणे, हा यावरचा खरा इलाज आहे.

तोवर प्रत्येक बाईने, आणि तिच्यासोबत आलेल्या माणसानेही, डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. पॉलिप केवढा आहे? तो दुर्बिणीतून काढता येईल का? तुकडा तपासला का, अहवाल काय आला? पिशवी काढायची असेल तर नेमके कारण काय, आणि अंडाशये राहणार का? उत्तरे पटली नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, सरकारी रुग्णालयात या. जीव धोक्यात घालणारा रक्तस्राव नसेल, तर पॉलिपसाठी उद्याच्या उद्या पिशवी काढण्याची घाई क्वचितच असते. पाळी गेल्यानंतर लाल जात असेल, तर तपासणीची घाई मात्र जरूर करा.