अद्भुताची पूर्वतयारी

लेखकाची मुलाखत म्हटली की एक प्रश्न ठरलेला असतो : 'हे सगळे तुम्हांला सुचते कुठून?' ग्रामीण जीवनावर किंवा महानगरावर लिहिणाऱ्याला हा प्रश्न जरा सौम्यपणे विचारला जातो, कारण उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच तयार असते. लेखक तिथे वाढला, त्याने ते भोगले आणि मग लिहिले. जादूगार, ड्रॅगन आणि नकाशात नसलेली बेटे यांच्याविषयी लिहिणाऱ्याला मात्र हाच प्रश्न काहीशा अविश्वासाने विचारला जातो. त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे. साहित्य म्हणजे अनुभवाची नोंद, आणि ज्याची नोंद करावी असा अनुभवच नाही ते एक तर 'स्फुरलेले' असते किंवा 'रचलेले'. स्फुरलेले असेल तर त्याविषयी बोलता येत नाही आणि रचलेले असेल तर बोलण्याची गरज नाही. दोन्ही वाटांनी समीक्षक मोकळा होतो.

हे गृहीतक किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी उर्सुला के. ले ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकन लेखिकेच्या लेखनप्रवासाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. त्यांची 'अर्थसी'मालिका १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीने सुरू झाली. ती कुठून आली याची जी उत्तरे नेहमी दिली जातात, ती एकेक करून तपासण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर घराण्याचे. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांच्या संस्कृतींचे मोठे अभ्यासक. कोलंबिया विद्यापीठाची मानववंशशास्त्रातील पहिली डॉक्टरेट १९०१ साली त्यांनाच मिळाली होती. आई थिओडोरा क्रोबर यांनी याही समाजातील इशी या अखेरच्या माणसाचे चरित्र १९६१ साली प्रसिद्ध केले आणि ते प्रचंड गाजले. स्वजनांचा संहार झाल्यानंतर अनेक वर्षे लपून राहिलेला इशी १९११ साली ऑरोव्हिल या गावाजवळ सापडला. पुढची पाच वर्षे तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला आणि १९१६ साली क्षयाने गेला. त्याने आपले खरे नाव कुणालाही सांगितले नाही, कारण आपले नाव आपणच उच्चारणे त्याच्या समाजात निषिद्ध होते. 'इशी' हे क्रोबर यांनी त्याला दिलेले नाव. त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'माणूस' एवढाच.

अर्थसीच्या वाचकाचे कान इथे टवकारणारच. त्या द्वीपसमूहात प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरे नाव असते. ते ज्याला ठाऊक त्याची सत्ता त्या वस्तूवर चालते. म्हणून माणसे आपले खरे नाव लपवतात, टोपणनावाने व्यवहार करतात आणि खरे नाव सांगणे हा विश्वासाचा परमावधी ठरतो. मग समीकरण तयारच आहे : वडिलांच्या संग्रहालयातला निनावी माणूस, आणि मुलीच्या कादंबरीतली गुप्त नावे!

कालक्रम या समीकरणाच्या आड येत नाही. तरी ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. इशी वारला तो ले ग्विन यांच्या जन्माच्या तेरा वर्षे आधी. त्याच्याविषयी त्यांना सारखे विचारले जाई आणि आपण त्याला कधी पाहिलेही नव्हते हे त्यांना पुन्हापुन्हा सांगावे लागे. शिवाय नावात सत्ता असते ही कल्पना एकट्या याही समाजाची नाही. इजिप्तच्या पुराणकथेत इसिस ही देवी सूर्यदेव रा याचे गुप्त नाव काढून घेऊन त्याच्यावर मात करते. आपल्याकडेही नवऱ्याचे नाव एरवी न उच्चारता उखाण्यातच घेणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या आणि राशीचे नाव व्यवहारातल्या नावापासून वेगळे ठेवणारी घरे आजही आहेत. जे जगभर पसरलेले आहे ते एका घरातून आले असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

घराने ले ग्विन यांना दिले ते वेगळेच. नापा खोऱ्यातल्या त्यांच्या उन्हाळी घरी अभ्यासकांबरोबर हुआन डोलोरेस आणि रॉबर्ट स्पॉट यांच्यासारखे मूळ रहिवासी समाजांतले लोकही राहायला येत. ही माणसे 'अभ्यासविषय' म्हणून येत नसत, ती घरचे पाहुणे होती. आपली जगण्याची रीत ही अनेक रीतींपैकी एक आहे, हे त्या मुलीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. वडिलांच्या संग्रहात 'ताओ ते चिंग'ची एक प्रत होती. आपल्या अंत्यविधीच्या वेळी त्यातले कोणते भाग वाचावेत याची टिपणे ते करीत असल्याचे ले ग्विन यांनी पुढे लिहिले आहे. त्या ग्रंथाची स्वतःची आवृत्ती त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केली, पण त्यातला तोल अर्थसीत तीस वर्षे आधीच उतरला होता. तिथे जादूगाराला पहिला धडा मिळतो तो संयमाचा. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे काय होईल, हे कळेपर्यंत पाऊस पाडू नये. वारसा म्हणायचा तर तो या वृत्तीत आहे. कथानकात तो शोधणे व्यर्थ.

दुसरे उत्तर मानसशास्त्राचे. कादंबरीचा नायक गेड हा तरुणपणी गर्वाच्या भरात मृताला पाचारण करतो आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. आधी ती त्याच्या मागे लागते, मग तो तिच्या मागे लागतो, आणि शेवटी तो तिला नाव देतो ते स्वतःचेच. युंगच्या 'छाया' या संकल्पनेचे असे चोख रूपक पाहून समीक्षकांना मोह न पडला तरच नवल. पण ही कादंबरी लिहिली तेव्हा ले ग्विन यांनी युंग वाचलेलाच नव्हता. तो त्यांनी नंतर वाचला आणि १९७५ साली मुले आणि सावली यांवर एक निबंध लिहिला. म्हणजे सिद्धान्त आधी आणि कथा नंतर, हा आपल्या वर्गांत रूढ असलेला क्रम इथे उलटा आहे. साहित्यकृतीवर सिद्धान्त लावून दाखवणे ज्यांच्या परीक्षापद्धतीचा भाग आहे, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. एखादा सिद्धान्त कृतीला चपखल बसतो, यावरून ती त्यातून जन्मली असे ठरत नाही.

तिसरे उत्तर स्फूर्तीचे, आणि ते सर्वांत लाडके. त्याला तारखांनीच उत्तर द्यावे. ले ग्विन यांनी अकरा वर्षांच्या असताना 'अस्टाउंडिंग' या विज्ञानकथांच्या मासिकाकडे एक कथा पाठवली. ती परत आली. त्यांची पहिली कथा प्रसिद्ध झाली १९६१ साली, म्हणजे मध्ये दोन दशके गेली. या काळात त्यांनी रॅडक्लिफ आणि कोलंबिया येथे फ्रेंच आणि इटालियन साहित्याचा अभ्यास केला, १९५३ साली शिष्यवृत्तीवर फ्रान्सला जाताना जहाजावर भेटलेल्या चार्ल्स ले ग्विन यांच्याशी पॅरिसमध्ये लग्न केले, डॉक्टरेट सोडली, मुले वाढवली आणि मध्य युरोपातल्या एका काल्पनिक देशाविषयी कादंबऱ्या लिहिल्या. त्या कुणी छापल्या नाहीत. वास्तववादी म्हणाव्यात तर देश खोटा आणि अद्भुत म्हणाव्यात तर जादू नाही, अशी त्यांची अवस्था होती. १९६२ साली 'फँटॅस्टिक' या मासिकाच्या संपादक सील गोल्डस्मिथ यांनी त्यांची एक कथा घेतली. १९६४ साली त्याच मासिकात जादूगारांच्या बेटांवरच्या दोन कथा आल्या आणि नावांचा नियम त्यांतल्या एकीत प्रथम दिसला. १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत तीन विज्ञानकादंबऱ्या निघाल्या.

मग १९६७ साली पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या हर्मन शाइन यांनी त्यांना थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा असे सुचवले. विषयाचे बंधन नव्हते. ले ग्विन यांच्या मनात आलेला प्रश्न साधा होता. कथांमधले जादूगार नेहमी पिकल्या दाढीचे. मर्लिन तसा आणि गँडाल्फही तसाच. पण ते जन्मतःच म्हातारे नसणार. मग तरुणपणी ते कसे होते? त्यांना ही विद्या कुणी आणि कुठे शिकवली? एवढ्यातून जादूगारांची शाळा निघाली, आणि तीही अशा विषयाची लाट येण्याच्या तीस वर्षे आधी.

ही स्फूर्ती म्हणायची असेल तर म्हणावी. पण तिचे घटक पाहा : परंपरेचे वाचन, त्या वाचनात न विचारलेला एक प्रश्न, वर्षानुवर्षे घोटलेला हात आणि एका संपादकाची मागणी. यांतले काहीही आकाशातून पडलेले नाही.

यानंतर त्यांनी आधी नकाशा काढला आणि बेटे त्यांना एकेक करून नंतर कळत गेली. आपण हे जग योजले नाही, आपल्याला ते सापडत गेले, असे त्या सांगत. तीन बेटांना त्यांनी आपल्या मुलांची लाडकी नावे देऊन टाकली होती, हा गमतीचा भाग. पात्रांच्या नावांबाबत मात्र त्या फार काटेकोर होत्या. योग्य नाव कानाला पटेपर्यंत थांबायचे, ही त्यांची पद्धत. अर्थसीचा जादूगार वर्षे घालवतो ती वस्तूंची खरी नावे शिकण्यात, आणि कादंबरीकाराचे कामही तेच. म्हणूनच अर्थसीतली जादू ही मुळात भाषेविषयीची भूमिका आहे असे मला वाटते.

१९७३ सालच्या एका निबंधात त्यांनी हीच भूमिका समीक्षेच्या भाषेत मांडली. तिचा आशय असा : वास्तववादी कादंबरीला वाचकाच्या ओळखीच्या जगाचा आधार मिळतो. 'पुणे' एवढे लिहिले की अर्धे पुणे वाचक स्वतःच उभे करतो (उदाहरण अर्थात माझे). अद्भुतकथेच्या पाठीशी असा कोणताही ऐवज नसतो. तिथे जे शब्दांत आहे तेवढेच अस्तित्वात आहे. त्यामुळे शैली हा तिथे अलंकार राहत नाही, शैली हेच जग होते. अद्भुत लिहिणे सोपे, कारण काहीही लिहिता येते, असे समजणाऱ्यांनी यावर विचार करावा. काहीही लिहिता येते म्हणूनच प्रत्येक शब्दाची जबाबदारी लेखकावर येते.

आणि ही जबाबदारी नैतिकही आहे. अर्थसीच्या पहिल्या तीन कादंबऱ्या १९६८ ते १९७२ या काळात आल्या. तिसरीला १९७३ सालचा नॅशनल बुक अवॉर्डचा बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला. या जगात विद्यापीठ पुरुषांचे, सत्ता पुरुषांची, आणि बायकांची जादू क्षुल्लक किंवा दुष्ट. सर्वस्वी मुक्त कल्पनाशक्तीने निर्माण केलेल्या जगातही जुनीच उतरंड निमूटपणे शिरली होती. अठरा वर्षांनी, १९९० साली, ले ग्विन 'तेहानू'मध्ये त्याच जगात परतल्या. केंद्रस्थानी आता एक प्रौढ विधवा, एक होरपळलेली, अत्याचार सोसलेली मुलगी, आणि शक्ती गमावून बसलेला गेड. आधीच्या पुस्तकांतला एकही नियम पुसलेला नाही. तेच जग यावेळी खालून पाहिलेले आहे एवढेच. पुष्कळ वाचकांना हे रुचले नाही. मला मात्र या संपूर्ण प्रवासातला हाच सर्वांत सर्जनशील क्षण वाटतो. आपली कल्पनाशक्ती कुणाच्या बाजूने काम करते आहे, हे तपासायला लेखक सहसा धजत नाही, आणि यशस्वी लेखक तर नाहीच.

उलट एका बाबतीत त्यांची कल्पनाशक्ती काळाच्या पुढे होती. गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, अर्थसीतले बहुतेक लोक सावळे किंवा काळे आहेत, आणि गोरे आहेत ते स्वारी करून येणारे कार्ग. मुखपृष्ठांवर तरीही गोरा नायक येत राहिला. २००४ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेतही गेड गोराच झाला आणि ले ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. लेखकाने केलेली कल्पना इतरांना पाहताही येऊ नये, यावरून कल्पना करणे किती अवघड असते ते कळावे.

हे सगळे आपल्याला कशासाठी? मराठी कादंबरीच्या आरंभी 'यमुनापर्यटन' (१८५७) आणि 'मुक्तामाला' (१८६१) अशा दोन वाटा होत्या. आपल्या समीक्षेने पहिलीला परंपरा मानले आणि दुसरीला बाल्यावस्था. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. विधवांच्या दुःस्थितीपुढे राजपुत्रांच्या साहसांचे मोल कमी वाटणारच. पण त्या निवडीबरोबर एक समजूतही आपल्या अंगवळणी पडली : वास्तव म्हणजे गांभीर्य आणि अद्भुत म्हणजे पलायन. आज एखादा विद्यार्थी अद्भुतकथेवर प्रबंध लिहितो म्हणाला, तर त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'याची सामाजिक प्रस्तुतता काय?' हा. 'तेहानू' वाचलेल्या माणसाला तो प्रश्न विचित्र वाटेल.

या समजुतीची दुसरी बळी आहे ती लिहू पाहणारी मुले. अनुभव नाही म्हणून वास्तव लिहिता येत नाही आणि स्फूर्ती नाही म्हणून अद्भुत लिहिता येत नाही, अशा कोंडीत ती सापडतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे नकाशे, राजघराणी, जादूचे नियम यांच्या वह्या भरतात आणि ज्या भाषेत हे सारे उभे राहायचे तिच्याकडे वळतच नाहीत. कल्पनाशक्तीला वळण लावणे म्हणजे तिला दाबणे नव्हे, तिला कसाला लावणे, हा विचार ले ग्विन यांनी १९७४ साली मांडला होता. २०१४ साली राष्ट्रीय सन्मानाचे पदक स्वीकारताना, दीर्घकाळ साहित्याबाहेर ठेवल्या गेलेल्या आपल्या सर्व सहलेखकांच्या वतीने आपण ते घेत आहोत, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

तेव्हा 'तुम्हांला हे सुचते कुठून?' हा प्रश्न आपण आता सोडून द्यावा. त्याऐवजी विचारावे : तुम्ही काय वाचलेत, त्यातला कोणता प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो विचारण्याची भाषा कमवायला तुम्हांला किती वर्षे लागली? या प्रश्नांना उत्तरे असतात, आणि ती शिकवता येतात.