रस्ता न पोचलेलं गाव

क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लूत्रो गावात एकही गाडी नाही, कारण तिथवर रस्ताच गेलेला नाही. होरा स्फाकिओनहून बोट पकडायची, नाहीतर डोंगरकडेच्या पायवाटेने दोन-अडीच तास चालायचं. पायांत बळ असेल तर चालतच जा. वाटेत ग्लिका नेरा नावाचा किनारा लागतो. तिथले गोटे हाताने उकरले की लाटांपासून चार पावलांवर चक्क गोडं पाणी झिरपतं. मागच्या लेफ्का ओरी डोंगरांत मुरलेलं.

गाव म्हणजे खाडीला बिलगलेली पांढरी घरं आणि निळ्या खिडक्या. मिझिथ्रा चीज भरलेली, वरून मध सोडलेली स्फाकियाची पोळी इथे गरमच खावी. शेजारीच प्राचीन फिनिकस बंदर. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’नुसार संत पौलाचं जहाज हिवाळा काढायला इथेच निघालं होतं, वादळाने ते भलतीकडे नेलं.

शाळा-दवाखान्यासाठी गावांना रस्ते हवेतच. लूत्रोला मात्र तो कधी होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तिथलं सगळं जगणं बोटीच्या वेळांवर बेतलेलं आहे. जायचं तर मे किंवा सप्टेंबरात जा. हिवाळ्यात बहुतेक खाणावळी बंद असतात.