निर्विष विनोद आणि निर्दोष राजा

मराठी विनोदाची समीक्षा ज्या एका विशेषणावर वर्षानुवर्षे पोसली गेली, ते विशेषण म्हणजे ‘निर्विष’. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला ते शोभून दिसले, आणि पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्तिचित्रांनाही. परंतु राज्यसंस्थेवरील विनोदालाही हेच माप लावायचे आणि तो कोणाला दुखावत नाही म्हणून त्याला श्रेष्ठ ठरवायचे, हा प्रकार अजब आहे. सत्तेला न दुखावणारा राजकीय विनोद कोणत्या अर्थाने राजकीय, हा प्रश्न या समीक्षेने क्वचितच विचारला. उलट, जो दुखावतो त्या विनोदासाठी तिने दुसरा शब्द तयार ठेवला: ‘प्रचार’.

या दुटप्पी मापाचा ठळक प्रत्यय लोकनाट्याच्या विचारात येतो. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले आणि दादा कोंडके यांच्या हवालदाराने त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. राज्यकारभाराचे निर्भीड विडंबन अशी त्याची ख्याती आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे. कोतवालाची जागा रिकामी होते. हवालदाराला ती हवी असते, पण मिळते प्रधानाच्या मेहुण्याला. मग मैनावतीच्या नादी लागलेल्या या नव्या कोतवालाकरवी खुद्द राजाचाच पलंग चोरवला जातो आणि त्याचे पितळ उघडे पडते. वशिलेबाजी, हाताखालच्यांची पिळवणूक, वरिष्ठांपुढची लाचारी यांवर प्रेक्षक पोट धरधरून हसतो, आणि हसावे असेच ते आहे. शीर्षकातील ‘विच्छे’चा शृंगारिक ध्वनी सर्वांनी टिपला, ही विच्छा मुळात पदाची आहे, याचा अर्थ लावण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही. हवालदाराची तक्रार कोतवालीविरुद्ध नाही. ती आपल्या वाट्याला आली नाही, एवढीच ती तक्रार आहे. आणि राजा? तो भाबडा असेल, गाफील असेल, परंतु न्याय अखेर त्याच्याच दारी मागायचा आहे.

विनोदाचे मूळ विसंगतीत असते, हे सूत्र मराठी विनोदमीमांसेत जवळपास सर्वमान्य आहे. पण विसंगती ओळखायची तर मनात कोणती तरी सुसंगती आधी गृहीत धरावी लागते, आणि राजकीय विनोदाचे राजकारण नेमके या गृहीतात दडलेले असते. वगातील राजा-प्रधान-कोतवाल या संकेताने गृहीत धरलेली सुसंगती कोणती? चांगला राजा आणि लायक कोतवाल. प्रजासत्ताक स्थापन होऊन पंधरा वर्षे लोटल्यानंतर मतदार असलेला प्रेक्षक नाट्यगृहात दोन-तीन तासांपुरता पुन्हा रयत होतो. ज्यांना त्याने निवडून दिले ते ‘प्रधानजी’ ठरतात आणि निवडून देण्याची त्याची स्वतःची कृती संहितेतून नाहीशी होते. असा विनोद निर्विष असणे स्वाभाविकच आहे, कारण त्यात प्रेक्षकालाही काही बोचत नाही.

याउलट अण्णाभाऊ साठे यांच्या लोकनाट्यांची नुसती नावे पाहावीत: ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’. येथे राजवस्त्रांचा आडपडदा नाही. निवडणूक ही निवडणूक आहे, मंत्री हा मंत्रीच आहे. गणातील देवतावंदनाच्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे यांना आणून अण्णाभाऊंनी वगाचा संकेतच मोडला. त्याचे वर्णन पक्षकार्य असे झाले. तो विनोदाच्या रचनेतील बदल म्हणून क्वचितच वाचला गेला. अण्णाभाऊ कम्युनिस्ट चळवळीतले होते हे खरे, पण सबनीस आणि कोंडके यांच्या पिढीने जिथे धडे गिरवले ते सेवादलाचे कलापथक तरी कोठे राजकारणविरहित होते? एकाच्या बांधिलकीला प्रचार म्हणायचे आणि दुसऱ्याच्या बांधिलकीचा उल्लेखही करायचा नाही, याला वाङ्मयीन निकष म्हणत नाहीत.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की लोकनाट्य संहितेत नसते, बतावणीत असते. कोंडके प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवर जे उत्स्फूर्त बोलत त्यात राजवाडा केव्हाच कोसळत असे. आक्षेप वजनदार आहे. १९५० च्या दशकापासून प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याची सक्ती असताना ही उत्स्फूर्तता धाडसाचीच होती. (परिनिरीक्षक आणि समीक्षक या दोघांनीही केवळ संहिताच वाचावी, हा योगायोगही बोलका आहे.) तरीही त्या कोट्यांची दिशा पाहिली पाहिजे. कोटी एखाद्या व्यक्तीला टोचते. टाळ्या ओसरल्या की कथानक राजाकडे परतते. पदावरचा माणूस हास्यास्पद ठरतो आणि पद मात्र शाबूत राहते. हा फरक राज्यसंस्थेला समीक्षकांपेक्षा अधिक चांगला कळतो. २०१२ साली व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा वादग्रस्त चित्रांत राजमुद्रेतले सिंह लांडगे झाले होते आणि संसदही त्या कुंचल्यातून सुटली नव्हती. ती चित्रे कलादृष्ट्या सामान्य होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. परंतु ती निर्विष नव्हती.

लोकरंगभूमीचेच घटक हाताशी घेऊन हा संकेत आतून उलटवण्याचे काम तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने डिसेंबर १९७२ मध्ये केले. कोतवाल येथेही आहे, त्याचे पद येथेही मेहेरबानीने मिळालेले आहे आणि तोही अखेर पडतो. फरक एवढाच की त्याला नेमणारा, वापरणारा आणि जमावाच्या हवाली करणारा हात एकच आहे, आणि हे सारे प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडते. ब्राह्मणांच्या त्या डोलणाऱ्या मानवी भिंतीला आरंभी हसणारा प्रेक्षक शेवटी त्याच जमावाशेजारी उभा असतो. पुण्यात १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. पुढे जो वाद पेटला तो ऐतिहासिक नाना फडणविसांच्या चारित्र्याचा होता. त्यावर रकानेच्या रकाने भरले; घाशीरामाच्या अंतानंतर उत्सव जाहीर करणारा नाटकातला नाना आपल्या जागी तसाच उभा राहतो, याकडे त्या वादात फार थोड्यांचे लक्ष गेले.