टंचाईच्या वर्षातील दान

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता. विदर्भातील शेतकऱ्याला मात्र बाजार समितीतून बहुधा त्याहून बरेच कमी पैसे घेऊन परतावे लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढविली. मोर्शी-वरुडच्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्या देशाने तर २०१९ नंतर आयातशुल्क चढवीतच नेले. अशा दिवसांत मठाचे, मंदिराचे अथवा चर्चचे पावतीपुस्तक शेतकऱ्याच्या दारी जावे काय, असा प्रश्न वऱ्हाडातील अनेक सुशिक्षितांना पडतो. पुष्कळांचे उत्तर तत्काळ येते : मुळीच जाऊ नये. प्रस्तुत लेखकास हे उत्तर अपुरे वाटते.

रिद्धपूरचे उदाहरण घेऊ. गोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेले, म्हाइंभटांनी जेथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते हे गाव. पंजाबपासूनचे महानुभाव येथे दर्शनास येतात. ज्या पंथाचे हे महास्थान, त्याच्या संन्यस्त अनुयायांचे जीवन मुळात भिक्षेवर उभे होते. भिक्षेचे अर्थशास्त्र मोठे मार्मिक आहे. ती शिजलेल्या अन्नाची असते, म्हणून साठविता येत नाही. अनेक घरी थोडी थोडी मागितली जाते, म्हणून एकाच घरावर भार पडत नाही. आणि ज्या घरी काहीच नाही तेथून भिक्षेकरी मुकाट्याने पुढे जातो. गोविंदप्रभू तर अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीही जात. त्या घरांच्या दृष्टीने पाहिले, तर कोणीतरी आपल्या हातचे घेतले, हाच केवढा मान होता! गरिबाकडे काही मागूच नये, असे म्हणणाऱ्यांनी या मानाचा विचार क्वचितच केलेला असतो. ज्याच्याकडून कधीच काही घेतले जात नाही, तो समाजात कायमचा याचक ठरतो.

भिक्षेची जागा वर्गणीने घेतली, तेव्हा मात्र हा तोल बिघडला. वर्गणीचा आकडा आधी ठरतो, घराची ऐपत नंतर पाहिली जाते. देणगीदारांची नावे ध्वनिक्षेपकावरून रकमेसह पुकारली जातात. शेजाऱ्याचे पाचशे एक ऐकल्यावर आपले एक्कावन्न पुढे करण्याचे धैर्य कितीजणांना होईल? मग सावकाराकडून उसनवारी होते. शेंडगावी जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर खराटा आणि कीर्तन यांच्या बळावर याच गोष्टीवर प्रहार केला. ऋण काढून देवाचे करू नका, असे सांगणाऱ्या या माणसाला लोकांनी मुक्त हस्ताने दिले, आणि त्यातून पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांनी स्वतःसाठी त्यातले काही ठेवले नाही, आणि लोकांना ते दिसत होते.

ख्रिस्ती परंपरेतही हा पेच जुनाच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल यरुशलेममधील गरजूंसाठी निधी मागतो आणि स्वतः विपन्न असलेल्या मासेदोनियातील मंडळ्यांच्या औदार्याचा दाखला देतो. पण त्याच ठिकाणी तो हेही स्पष्ट करतो की, जे आपल्यापाशी आहे त्या मानाने द्यावे. दुसऱ्यास सुख आणि आपणास ओढग्रस्त, असा हेतू नाही. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून गृहिणी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून चर्चसाठी ठेवतात. आपल्याकडील शिक्षणसंस्थांच्या मुष्टिफंडाची येथे आठवण होते. मुठीचे वैशिष्ट्य असे की, चूल पेटली तरच ती निघते. इस्लामने तर ही मर्यादा नियमातच घातली : ठराविक संपत्तीहून कमी असणाऱ्यावर जकात लागूच होत नाही. सर्वांना सरसकट दशांश लावणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा.

आता मुद्दा घेणाऱ्याचा. मंदीत लोक खर्च आवरतात आणि त्यामुळे मंदी वाढते, हे केन्सचे प्रतिपादन प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. मग दानाची रक्कम बँकेत मुदतठेव होऊन पडली, तर तिने गावातली क्रयशक्ती कमीच केली. तीच रक्कम जून ते सप्टेंबर या महिन्यांत, म्हणजे शेतकऱ्याचा हात रिता असताना, मजुरीच्या, अन्नछत्राच्या वा शालेय शुल्काच्या रूपाने गावात परतली, तर गोष्ट निराळी. सुबत्तेत साठवावे आणि टंचाईत सोडावे, हा नियम आपण सरकारला शिकवितो. विश्वस्तांना का शिकवू नये? गंगाजळी असलेल्या संस्थेने वाईट वर्षी नवे बांधकाम काढून त्यासाठी झोळी फिरवावी, यास माझ्या मते कोणतेही समर्थन नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वये हिशेब तपासून घ्यावे लागतातच; तोच ताळेबंद मंदिराच्या फळ्यावर खडूने लिहिण्यास कोणता खर्च येतो?

राहिला पगारदार वर्ग, म्हणजे आपणच. १९७२ च्या दुष्काळातून जी रोजगार हमी योजना आकाराला आली, तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये राज्यात व्यवसाय कर बसविण्यात आला. आजही आपल्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार रुपये कापले जातात. दुष्काळी मजुरासाठी नोकरदाराने द्यावे, हे तत्त्व राज्याने मान्य केले होते. आपण मात्र ती कपात केवळ कुरकुरत पाहतो. नव्या करप्रणालीत देणगीवरील ८०-जी ची सवलत मिळत नाही, एवढ्या कारणाने हात आखडणारे स्नेहीही मी पाहिले आहेत. महागाई आपल्यालाही भेडसावते, हे खरे. तथापि आपला पगार पावसावर अवलंबून नाही.

म्हणून पावतीपुस्तक फिरू द्यावे, पण त्याची दिशा बदलावी. ते प्रथम शिक्षक वसाहतीत, कचेरीत आणि व्यापारपेठेत जावे. शेतकऱ्याच्या दारी ते कापूस विकल्यानंतरच जावे, आणि तेथे धान्य, श्रम वा संत्र्याची एक पाटीही दान म्हणून तितक्याच आदराने स्वीकारली जावी. नावे पुकारणे बंद व्हावे. ज्या संस्थेला हे मानवणार नाही, तिला या वर्षी नकार देण्यास हरकत नाही.