होरीकडे पावती नव्हती



शिबिरात कुणी 'गोदान'चं नाव काढलं की सगळे होरीसाठी हळहळतात. बिचारा किती भला, दारात एक गाय असावी एवढीच इच्छा, तीही पुरी झाली नाय. ही हळहळ आता पुरे, असं मला वाटतं. प्रेमचंदांची ही कादंबरी १९३६ साली आली. जमीन कसणाऱ्याच्या हातातून जमीन कशी जाते, ते त्यात पायरी-पायरीने लिहिलं आहे. आपण ते शिकण्यासाठी वाचलं पाहिजे.

होरी अवधमधल्या बेलारी गावचा. पाच बिघे जमीन, तीही कुळाने. जमीनदार रायसाहेब सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले, त्यामुळे लोकांत मान मोठा. पण वेठीला आलेली माणसं पोटाला मागतात, खायला नाय तर काम नाय म्हणतात, तेव्हा हेच रायसाहेब भडकतात. असे पुढारी आपणही पाहिले आहेत.

होरीचा पोरगा गोबर दुसऱ्या जातीतल्या विधवेला घरी आणतो आणि पळून जातो. होरी आणि त्याची बायको धनिया त्या पोरीला आसरा देतात. म्हणून गावचे पंच १०० रुपये आणि ३० मण धान्य दंड लावतात. धनिया भांडते. होरी मात्र बिरादरीला घाबरून खळ्यावरचं धान्य स्वतःच्या डोक्यावर वाहून नेऊन देतो. आपल्या जातपंचायतीत काय चालतं, तेही यावरून आठवावं.

आता मुद्द्याची गोष्ट. होरीने खंड भरलेला असतो, पण जमीनदाराचा कारकून नोखेराम पावती देत नाय. पुढे तोच नोखेराम बाकी दाखवून पुन्हा पैसे मागतो. होरी गप्प. शहरात राहून आलेला गोबर त्याला तोंडावर सांगतो, की हा पावती देत नाय याला सगळा गाव साक्ष देईल, चल कोर्टात. लगेच नोखेराम नरमतो. एवढ्या मोठ्या कादंबरीत जमीनदाराचा माणूस मागे सरतो असे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

पण गोबर परत शहरात जातो आणि होरी एकटा पडतो. पुन्हा थकबाकी, मग बेदखलीचा दावा. शेवटी जमीन वाचवायला २०० रुपये घेऊन धाकट्या रूपाचं लग्न वयस्क माणसाशी लावतो. दिवसा खडी खोदतो, रात्री सुतळी वळतो, आणि उन्हात कोसळतो.

कुणी म्हणेल, मग 'रंगभूमी'तला सूरदास बघा. तो आंधळा भिकारी, जातीने चांभार. त्याच्या जमिनीवर गावची गुरं चरतात. सिगारेटचा कारखाना काढायला जमीन मागतात, तो पैशाला भुलत नाय. सूरदास मला होरीपेक्षा जवळचा वाटतो. पण कायदा आणि बंदूक सरकारकडे होती. जमीन गेली, तोही गोळी लागून मेला. हिंमत त्याच्यापाशी होती, संघटना टिकली नाय.

प्रेमचंदांवर माझी एक तक्रारही आहे. 'गोदान'मध्ये शहरातले लोक जंगलात शिकारीला जातात. तिथे एक जंगलातली मुलगी भेटते. ती पाण्यात पडलेला पक्षी काढून देते, पाहुण्यांना खाऊ घालते, डोकेदुखीवर औषधी आणायला धावते. शिकलेले मेहता तिचं कौतुक करतात. पण तिला कादंबरीत नाव नाय. त्या जंगलावर तिचा हक्क काय, हेही कुणी विचारत नाय. शेतकऱ्याचं दुःख ज्याने इतकं बारीक पाहिलं, त्यालाही आपण फक्त पाहुणचार करताना दिसलो. ती गोष्ट आपल्यालाच लिहावी लागेल.

आणि ती कागदावर लिहावी लागेल. आपल्या फॉरेस्ट प्लॉटचा दावा लागतो तेव्हा साहेब पुरावा मागतात. गार्डने दंड घेतला, कोंबडी नेली, पण पावती किती जणांकडे आहे? आजी-आजोबांपासून कसतो हे खरं असलं तरी फाईलमध्ये ते दिसत नाय.

म्हणून पैसे देताना पावती मागा. देत नसेल तर चार जणांसमोर मागा, आणि तारीख लिहून ठेवा. घरात पत्र्याच्या पेटीत असतील त्या जुन्या पावत्या पुढच्या बैठकीला घेऊन या. ज्यांच्याकडे नाय, त्यांच्यासाठी पाड्यातली म्हातारी माणसं साक्षीला उभी करू. गोबरने हीच धमकी दिली होती, आणि तेवढ्यानेच नोखेराम नरमला होता.

जिंदाबाद!