यंत्राला नागरिकाची भाषा कळली पाहिजे

नगराचा कारभार संगणकाकडे सोपविण्याचे युग आले आहे आणि त्याला विरोध करण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. तेलंगण सरकारने २०२० साली घरबांधणीच्या परवान्यांची संगणकीय व्यवस्था सुरू केली, तेव्हा ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याला परवान्यासाठी नगरपालिकेचे उंबरठे झिजविण्याची गरज उरली नाही. एक रुपया भरून नोंद केली की भागले. गरिबाचा हेलपाटा वाचविणाऱ्या यंत्राचे आम्ही स्वागतच करू.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही याच राज्याने पाहिली आहे. २०१६ पासून सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. पात्र कोण, अपात्र कोण, हे संगणकाने जुळविलेल्या नोंदींवरून ठरले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश द्यावा लागला. नोंद चुकली म्हणून गरिबाची चूल विझावी, हा कोठला न्याय?

आदिलाबादेत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्याचे राजुरा व किनवट तालुके मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद शहर आणि बेला-जैनथकडील मराठी वस्ती आंध्रात राहिली, ती आज तेलंगणात आहे. तेथील वृद्धेला नळाची तक्रार सुचते ती मराठीत. ती तेलुगु वा इंग्रजी रकान्यांत बसविण्यासाठी तिने मध्यस्थ गाठायचा आणि त्याचे हात ओले करायचे, तर उंबरठा गेला कोठे? त्याची केवळ जागा बदलली!

राज्यात प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. तो कागदावर चालतो आणि पडद्यावर चालत नाही, असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही. साधन नाही, ही सबबही टिकणार नाही. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही भाषांतराची योजना २०२२ साली सुरू झाली असून तीत मराठी आहे.

म्हणून आमची मागणी स्वच्छ आहे. तक्रार मराठीत, तशीच उर्दूत व गोंडीतही, नोंदविता यावी. पोच त्याच भाषेत मिळावी. आणि यंत्राने नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण सांगण्यास एक जबाबदार अधिकारी समोर असावा. आदिलाबादच्या मराठी नागरिकांनी आजपासून आपले अर्ज मराठीतच द्यावेत आणि पोच घेतल्यावाचून परतू नये. न वापरलेला हक्क कोणत्याही यंत्राच्या नोंदीत सापडत नसतो.