सख्खे भाऊ, पण गोळी वेगळी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नौबादला आमच्या धाकट्या काकांच्या हृदयाच्या गोळ्या संपल्या. सणामुळे मेडिकल दुकान बंद. काकूंनी थोरल्या काकांच्या पाकिटातली गोळी दिली. नाव तेच, मेटोप्रोलॉल. आजारही तोच, हार्ट फेल्युअर. म्हणजे हृदय बंद पडलेले नाही, पण त्याचा पंप अशक्त झालेला. दोन दिवसांत धाकट्या काकांना चक्कर आली, नाडी मंदावली. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून निभावले. काकूंचा प्रश्न मात्र एकच, "सख्खे भाऊ ना ते? मग एकाची गुळिगे दुसऱ्याला का चालू नये?"

थोरल्यांचा डोस जास्त होता, हे एक कारण. पण डोस सारखा असता, तरी परिणाम सारखाच झाला असता असे नाही. मेटोप्रोलॉलचा निचरा मुख्यतः यकृतातले सीवायपी२डी६ नावाचे एन्झाइम करते. त्याचा वेग जनुकांवर ठरतो. कुणात जोरात, कुणात अगदी मंद. आपल्या नौबादच्या करेझचेच पाहा. भुयार मोकळे असेल तर पाणी पुढे जाते, गाळ भरला की तुंबते. तसे एन्झाइम मंद असले की औषध रक्तात साचते आणि नाडी फार उतरू शकते. आईवडिलांची जनुके प्रत्येक मुलात वेगळी वाटली जातात, म्हणून सख्ख्या भावांतही हा फरक असू शकतो.

औषधाचेच नव्हे, आजाराचेही मूळ कधी जनुकात असते. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, तोही १०० भारतीयांपैकी सुमारे ४ जणांत. अशांना पुढे हृदय अशक्त होण्याचा धोका जास्त. म्हणून घरात कुणाला हा आजार असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगावे.

जनुकांची तपासणी करून डोस ठरवण्याची पद्धत अजून सर्रास नाही. डॉक्टर थोड्या डोसने सुरुवात करतात. नाडी, रक्तदाब पाहत वाढवतात. चिठ्ठीवरचा आकडा त्या एका माणसाच्या मापाचा असतो. तो आपल्या मनाने वाढवू नये, आणि बरे वाटले म्हणून गोळी बंदही करू नये.

काकूंनी आता दोन डबे केलेत. एकावर मराठीत नाव, दुसऱ्यावर कन्नडमध्ये. चूक व्हायला नको!